अकरा सेकंद लवकर

माझी बायको संध्याकाळी गच्चीवर जाऊन एका बंद पडलेल्या अंतराळयानाची वाट बघते. ते घिरट्या घालत हळूहळू खाली येतंय, आणि कुठं पडेल हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. तिच्यासारखी हौशी माणसं ठिकठिकाणी त्याच्या वेळा टिपून एकमेकांना कळवतात. शाळेत खेळ शिकवायची तेव्हाचं स्टॉपवॉच घेऊन ती कठड्याशी उभी राहते आणि ठरलेल्या ताऱ्याजवळून तो ठिपका सरकला की बटण दाबते.

काल खाली आली ती उतरल्या चेहऱ्यानं. "आज अकरा सेकंद लवकर आलं."

"मग बरंच की," मी म्हणालो.

"अहो, जितकं खाली येतं तितकी त्याची फेरी लवकर संपते. लवकर यायला लागलं म्हणजे पडायला आलं."

माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होती. मला त्या पत्र्याचा हेवा वाटला. तीस वर्षं मी संध्याकाळचा फेरफटका मारून बरोबर सातला घरी येतोय, माझे सेकंद कुणी मोजले नाहीत. वेळेवर येणाऱ्याचा घोर कोण करतं?

आज मुद्दाम अर्ध्या वाटेतून परतलो. ती गच्चीवर निघालीच होती. मला दारात बघून थबकली.

"लवकर आलात?" तिनं स्टॉपवॉच बाजूला ठेवलं आणि माझ्या कपाळाला हात लावला.

मला काहीच झालं नव्हतं. पण यान निघून जाईपर्यंत मी ते सांगितलं नाही.