इमानपट्टीचा राखणदार

जामखेड सोडून पूर्वेला निघालं की डांबरी रस्त्याला एक फाटा फुटतो, तो हिंगणमाळला जातो. फाट्यावर ‘विमानतळ’ अशी पाटी आणि खाली बाण. नवखा माणूस त्या बाणामागं गेला तर त्याला आधी मेंढरं भेटायची, मग वाळत घातलेली तूर, मग मोटरसायकल शिकणारा एखादा नवरदेव, आणि या सगळ्यांच्या मधून गळ्यात शिट्टी अडकवून फिरणारा कानिफनाथ ढवळे. विमान तेवढं भेटायचं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माळावर हे काम निघालं होतं. विमान उतरेल न उतरेल, हाताला काम तर मिळेल, एवढाच तेव्हा हिशोब. आसपासच्या गावच्या बायांनी खडी फोडली, गड्यांनी मुरूम ओढला, मागाहून केव्हातरी वर डांबर पडलं. दुष्काळ सरला, पट्टी राहिली. गावानं तिला इमानपट्टी म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू ती आपलीच धरली. खळी मोडली तशी मळणी पट्टीवर आली. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पट्टीवर पळू लागली. इतकी सपाट, इतकी सरळ जागा पंचक्रोशीत दुसरी नव्हतीच.

कानिफनाथ तिथला चौकीदार. कंत्राटी. तरुणपणी तो मालट्रकवर क्लीनर होता, नंतर वडील वारल्यावर घरी परतला आणि ही चाकरी मिळाली ती धरून राहिला. खाकी शर्ट सरकारनं दिला नव्हता, त्यानं स्वतः शिवून घेतला होता. वर्षातून क्वचित कधीतरी फोन यायचा, ‘उद्या साहेब येताहेत.’ निवडणुकीच्या दिवसांत जरा जास्त. मग कानिफनाथच्या अंगात वारं शिरायचं. मोटरसायकलवर बसून तो पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिट्टी फुंकत सुटायचा. मेंढरं बाजूला, धान्य बाजूला, कुत्री बाजूला. बाया धान्य गोळा करता करता त्याला शिव्या घालायच्या, तो हसायचा. हेलिकॉप्टर उतरायच्या आत पट्टी अशी लख्ख व्हायची, की उतरणाऱ्या पुढाऱ्याला वाटावं, इथं माणूस वर्षानुवर्षं फिरकलेला नाही. एकदाही घोटाळा झाला नव्हता. हीच त्याची मिजास होती आणि बायको सविता त्यावरून त्याला चिडवायची, “इमानतळाचे मालक, जेवायला या.”

त्याची थोरली मुलगी अश्विनी पोलीस भरतीसाठी पळत होती. पाय लांब, दम मोठा. मैदानी चाचणी जवळ आली होती. पळून आली की ती बापाच्या शेजारी चौकीच्या पायरीवर बसायची आणि मोबाईलवर त्याला काहीबाही दाखवायची. त्या हिवाळ्यात तिला जगातली चमत्कारिक विमानतळं सापडली होती.

“आप्पा, हे बघा. जिब्राल्टर. गावात शिरायची वाटच धावपट्टीवरून जाते. इमान आलं की फाटक पडतं, माणसं थांबतात, इमान गेलं की परत चालू.”

“आपल्या रेल्वे फाटकागत?”

“तसंच. आन् हे स्कॉटलंडमधलं. समुद्राच्या वाळूवर उतरतंय. भरती आली की विमानतळ पाण्याखाली. आन् हे नेपाळातलं, लुकला. पट्टी चढावर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कडा. चुकलं की संपलं.”

कानिफनाथनं ते परत परत लावायला सांगितलं. वाळूवरचं विमान त्याला फार आवडलं. विमान उतरतंय आणि जरा पलीकडं माणसं निवांत उभी आहेत.

“मंग आपलंच काय वाईट हाय?” तो म्हणाला. “मोठमोठ्या देशात असंच चालतंय की. राखणारा हुशार पायजे.”

हे त्याच्या मनात घट्ट बसलं. पूर्वी कुणाला धान्य पसरू देताना तो दहादा आभाळाकडं बघायचा. आता तेही गेलं.

अशातच अवकाळी पाऊस झाला. राहीबाईचं अंगण चिखल होऊन बसलं. राहीबाई म्हणजे त्याच्या शेजारच्या वस्तीवरची म्हातारी. एकटी राहायची, मुलगा पुण्याला कंपनीत. बहात्तर साली ती नवी नवरी होती आणि हळद उतरायच्या आत हातात हातोडी घेऊन ह्याच माळावर खडी फोडायला बसली होती. तिची तूर काढून झाली होती आणि ओल्यात कुजायला आली होती. ती चौकीवर आली तेव्हा अश्विनी बुटाच्या नाड्या बांधत पायरीवरच बसली होती.

“कानिफा, दोन दिस पट्टीवर पसरू का रं?”

“पसर की काकू. कोन न्हाई म्हनतंय? फोन आला तर सांगतो मी.”

“न्हाई म्हनशील कसा? ह्या डांबराखाली माझी खडी हाय.” ती हसली आणि ताडपत्री आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं कडक पडलं होतं. राहीबाई पट्टीच्या मध्यावर तूर पायानं परतत होती. अश्विनी आणि दोन मैत्रिणी पलीकडच्या टोकाकडून पळत येत होत्या. कानिफनाथ चौकीत चहा घेत होता. फोन आला नव्हता.

आधी आवाज आला. हेलिकॉप्टरचा आवाज त्याच्या ओळखीचा होता, पण हा तसा नव्हता. जुनाट ट्रॅक्टर चढाला लागल्यावर खोकतो तसा, मध्येच बंद पडणारा. तो बाहेर आला. उगवतीकडून एक छोटं पांढरं विमान तिरकं होत खाली येत होतं. कुठल्यातरी विमान शिकवणाऱ्या संस्थेचं होतं, हे मागाहून कळलं. त्या वेळी त्याला एवढंच दिसलं, की हे आता इथंच पडणार आहे आणि पट्टीवर माणसं आहेत.

मोटरसायकल चालू होईना. तो तशीच टाकून शिट्टी फुंकत पळाला. मैत्रिणींनी मुरमात उड्या टाकल्या. राहीबाईनं मात्र वर पाहिलं, आणि पळायचं सोडून ती ताडपत्रीची दोन टोकं धरून ओढायला लागली. वर्षाची तूर होती ती.

“काकू, सोड! सोड ती!” तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. त्याच्या आणि तिच्यात अजून बरंच अंतर होतं. अश्विनी जवळ होती. ती उलटी फिरली. इतकी वर्षं तिला पळताना तो पाहत होता, पण अशी पळताना कधी पाहिली नव्हती. तिनं म्हातारीला कमरेला मिठी मारून उचललं आणि दोघी पट्टीच्या कडेच्या चरात कोसळल्या. विमानाची चाकं टेकली, पुढं ताडपत्री दिसली तसं ते वळलं, एक चाक डांबर सोडून मुरमात रुतलं आणि नाक खाली घालून ते आडवं झालं. तुरीचे दाणे पार चौकीपर्यंत उडाले.

आतून एक तरुण शिकाऊ पोरगी निघाली. कपाळ फुटलेलं, हात मोडलेला, पण जिवंत. राहीबाईला खरचटलं होतं. अश्विनी मात्र चरातून उठेना. खालच्या दगडावर तिचा गुडघा आपटला होता आणि त्यावर म्हातारीचं ओझं.

नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाय वाचलाय, चालेल नीट, पण वर्षभर पळायचं नाव काढायचं नाही. पुढचं पुढं बघू. भरती त्याच महिन्यात होती. अश्विनीनं भिंतीकडं तोंड केलं.

चौकशीचे साहेब आले तेव्हा कानिफनाथ दवाखान्यातून नुकताच परतला होता. झोप नाही, पोटात अन्न नाही. साहेब वाईट बोलले नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं.

“पट्टीवर धान्य पसरायची परवानगी त्या बाईंना कोणी दिली?”

खरं सांगायचं तर त्यानं काही ठरवलं नव्हतं. नोकरी जाईल, पोरीचा दवाखाना चाललाय, एवढंच डोक्यात घुमत होतं. तोंडातून निघून गेलं, “मला न इचारता आली, साहेब. मी चौकीत हुतो.”

साहेबांनी लिहून घेतलं. त्यानं सही केली. बाहेर आल्यावर तो दारातच घुटमळला. पण परत आत जायला पाय वळले नाहीत.

पुढच्या आठवड्यात पोलिसांची गाडी राहीबाईच्या दारात आली. सरकारी जागेत घुसून विमानाला अडथळा केला, असा गुन्हा. तिला जामखेडला नेलं, दिवसभर बाकड्यावर बसवलं आणि संध्याकाळी सोडलं. सविता तिला भाकरी द्यायला गेली. परत आली ती उंबऱ्यातच बसली.

“काय म्हनली काकू?” कानिफनाथनं विचारलं.

“पोलिसांनी इचारलं तिला, चौकीदारानं सांगितलं हुतं का? तर म्हनली, न्हाई. मीच न इचारता गेल्ते.” सविता त्याच्याकडं रोखून पाहत होती. “तुमी काय लिहून दिलंय?”

तो उठून अंगणात गेला. म्हातारीनं आरडाओरडा केला असता, दारात येऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं. हे सोसेना. 

दोन दिवसांनी तो नगरला अश्विनीपाशी बसला होता. त्यानं संत्रं सोलून पुढं केलं. तिनं घेतलं नाही.

“आप्पा, मी पायरीवरच बसले हुते.”

“कवा?”

“तुमी आज्जीला ‘पसर की’ म्हनला तवा.”

खाटेखालच्या डब्याच्या झाकणाची तो उगीच काढघाल करत राहिला. शेजारच्या खाटेवरची बाई झोपेचं सोंग घेऊन ऐकत होती.

“मी भ्यालो गं,” तो अखेर म्हणाला.

“मी भ्याले न्हाई का? तरी गेले ना?” तिचा आवाज चढला आणि मग फुटला. “माझा पाय त्यापायी गेला आप्पा. ती चोरून आली असं लिवलंय तुमी. मंग मी कुनाला वाचवलं? चोराला?”

दुसऱ्या दिवशी तो न सांगता साहेबांच्या कचेरीत गेला. बराच वेळ ताटकळल्यावर आत बोलावणं आलं.

“साहेब, माझा जबाब खोटा हाय. मीच तिला हो म्हनलो हुतो.”

साहेबांनी चष्मा काढला. “बाईंनी स्वतः कबूल केलंय. प्रकरण पुढं गेलंय. तुम्ही आता का उकरताय?”

“ती माझ्यासाठी खोटं बोलली.”

“म्हणजे एकदा तुम्ही खोटं बोललात, एकदा त्या बोलल्या. यातलं खरं काय धरायचं मी?”

कानिफनाथनं तेच परत सांगितलं. आणि तो जागचा उठला नाही. शेवटी दुसरा जबाब झाला.

आता सगळं सुरळीत होईल अशी त्याची समजूत होती. तसं झालं नाही. त्याची चाकरी गेली, ती तर जाणारच होती. पण राहीबाईची केस सुटली नाही. आरोपी म्हणून त्याचं नाव तिच्या नावापुढं जोडलं गेलं, एवढंच. पट्टीला उंच जाळीचं कुंपण पडलं आणि आत नवा चौकीदार आला, बाहेरगावचा. गाव कानिफनाथवर उखडलं. तो गप्प बसला असता तर कुंपण पडलं नसतं, असं पारावर उघड बोललं जाऊ लागलं. ते खरं नव्हतं, पण ऐकून कोण घेतो? ज्यांना मोटरसायकल त्यानं हात धरून पट्टीवर शिकवली होती, ती पोरं त्याला पाहून रस्ता बदलायला लागली. तो आता एका पोल्ट्रीवर खाद्याची पोती उतरवायला जातो. पाठ बोलते, पण तो बोलत नाही.

अश्विनी घरी आली. काठी टेकत ती रोज राहीबाईच्या वस्तीवर जाते आणि कधी कधी तिथंच जेवून येते. बापाशी बोलते, लागेल तेवढंच.

जामखेडच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. दोघं एकाच एसटीनं जायचे, राहीबाई पुढं, कानिफनाथ मागच्या बाकावर. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखालीसुद्धा म्हातारी त्याच्याकडं पाठ करून बसायची. अशा कितीतरी तारखा गेल्या. एकदा वकील आला नाही, जज्जसाहेब रजेवर, सगळी माणसं पांगली. लिंबाखाली दोघंच उरले. कानिफनाथनं चहाचे दोन कप आणले आणि एक तिच्याजवळ ठेवला.

“काकू, पोलिसांपुढं माझं नाव का न्हाई घेतलंस?”

तिनं कप उचलला नाही. पदरानं तोंड पुसलं.

“तुझ्यासाठी न्हाई काही. पोरगी माझ्यापायी पडली. तिचा बाप घरी बसला तर तिच्या दवाखान्याचं काय, म्हनून बोलले.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.” ती जराही थांबली नाही. “तू मला चोर केलास, कानिफा. ह्या वयात बाकड्यावर बसले मी, चोरासारखी. ते तू नंतर फिरवलंस, चांगलं केलंस. पन बसले ती बसलेच ना?”

स्टँडकडून गाडीचा पुकारा आला तशी ती गुडघ्यावर हात देऊन उठली. चहा तसाच राहिला होता.

“पुढच्या तारखंला पोरीला घिऊन ये,” जाता जाता ती म्हणाली. “आपन दोघंबी एकेकदा खोटं बोललोय, आपलं कोन खरं धरनार? वकिलाला तिलाच इचारू दे. तिनं ऐकलंय ना सगळं?”

आपल्याच बापाविरुद्ध पोरीला उभं करायचं, हे त्याच्या ध्यानात आलं. घरी जाऊन अश्विनीला ते कसं सांगायचं, हे जुळवत तो म्हातारीच्या मागून चालू लागला.