कुलूपवालीची आठ पत्रं

माझ्या वहिनीने एकोणीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली आणि त्यातलं एकही पूर्ण वाचलं नाही. ही मी चहाडी करत नाहीये, ती स्वतःच अभिमानाने सांगायची. "वाचत बसणारा ग्रंथपाल म्हणजे चाखत बसणारा आचारी. घर उपाशी राहतं." मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि प्रस्तावनेचं पहिलं पान एवढं बघितलं की पुस्तक कुठल्या कपाटात जायचं हे तिला कळायचं, आणि ते बरोबर निघायचं.

मग ग्रंथालयातली निम्मी कपाटं हलली, माणसंही हलली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी वहिनीला नवी नोकरी लागली. ऑनलाइन धडे लावायची. पुस्तकाऐवजी धडे, बाकी काम तेच, असं तिने आम्हाला सांगितलं. आम्ही म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारा माझा भाऊ, त्याला मी दादा म्हणते, आणि त्याच घरात राहून छापखान्यात मुद्रितं तपासणारी मी. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, हा माझा धंदा. हे पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवलेलं बरं.

तिचं नवं काम समजायला मला दोन महिने लागले. अकरा संस्थांनी आपापले ऑनलाइन धडे बनवले होते. कुणाचं गणित चांगलं, तर कुणाचं शरीरशास्त्र. पण प्रत्येकाचं सामान आपापल्या घरात, शेजारच्याकडे काय आहे याचा पत्ता नाही. यंत्राला तर धडा म्हणजे नुसती अक्षरं. वहिनीने प्रत्येक धड्याला यंत्राला समजेल अशी माहिती जोडायची. हा कशाबद्दल आहे, कुणासाठी आहे, कुणी केला. मग धड्याधड्यांमधली नाती लावायची. हा त्याचा भाग, हा त्याच्यासारखा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हा शिकायच्या आधी तो शिकला पाहिजे. या शेवटच्या नात्याला ऑफिसात 'बाण' म्हणत. एकदा वहिनीने बाण लावला की अकराही संस्थांची यंत्रं तो वाचणार आणि शिकणाऱ्यापुढे धडे त्याच क्रमाने मांडणार. आधीचा धडा झाला नसेल तर पुढच्यावर कुलूप.

वहिनी तासाला चाळीस बाण लावायची. धड्याचं नाव बघायचं, पहिल्या दोन ओळी बघायच्या, की लागला बाण. धडा उघडून बघायची गरजच काय? दादा तिला चिडवायचा, "नुसत्या नावावरून सोयरीक जमवते ही!" ती म्हणायची, "तुझ्याशी जमवली तेव्हा तरी मी कुठे आत उघडून बघितलं होतं?"

ऑफिसात एक प्रोग्रॅमर होता. जाड चष्म्यामुळे आम्ही त्याला भिंग म्हणायचो, चष्मा दादाच्याच दुकानातला. त्याने बाण तपासणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. काही गडबड दिसली की तो वहिनीला सूचना पाठवायचा. पहिल्या महिन्यातच त्याने शेकडो सूचना पाठवल्या आणि त्यातल्या बहुतेक फुकटच्या निघाल्या. रोज मरे त्याला कोण रडे! तेव्हापासून वहिनी सोमवारी सकाळी पहिला चहा येईपर्यंत सगळी यादी एकदम निवडायची आणि 'पाहिले' असं नोंदवून मोकळी व्हायची.

क्रमाबद्दलच्या तक्रारीही तिच्याकडेच यायच्या. आणि त्यातच आली कुलूपवाली.

ती एका हॉस्पिटलात वॉर्डातली मदतनीस होती. चादरी बदलणं, भांडी नेणं, रोग्याला कुशीवर वळवणं ही तिची कामं. रोग्यांना औषध द्यायची परवानगी असलेली सहायक व्हायचं तर एक परीक्षा होती, आणि तिचा अभ्यास या धड्यांवरून करायचा होता. हे सगळं तिने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. वहिनी त्या निरोपांना पत्रंच म्हणायची. "औषधाचं माप हा धडा उघडत नाही. कुलूप दिसतं," एवढी तक्रार. वहिनीने ठरलेलं उत्तर पाठवलं, की कृपया आधीचा धडा पूर्ण करा.

दुसरं पत्र आलं, आधीचा धडाही उघडत नाही. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यात तिने लिहिलं, की त्याच्या आधीच्यालाही कुलूप आहे. वहिनीने हे पत्र जेवताना वाचून दाखवलं, अगदी कुलूपवालीचा रडवेला आवाज काढून. दादाला ठसका लागला. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!" त्या दिवसापासून ती आमच्या घरात कुलूपवाली झाली. 'आज कुलूपवाली काय म्हणते?' असं आम्ही भाजी वाढता वाढता विचारायचो.

पाचव्या पत्रात तिने आपला फोन नंबर दिला होता. "मी रोज ड्युटीच्या आधी तासभर बसते. कुठे चुकते तेवढं सांगा, मी सुधारीन." वहिनी म्हणाली, "हिला आता चांगलं समजावून सांगायला हवं. तू लिहून दे गं, तुझी भाषा चांगली आहे." मी लिहून दिलं. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं, "शिडीची पहिली पायरी गाळून कुणालाही माडीवर चढता येत नाही, हे आपण ध्यानात घ्यावं." 'ध्यानात घ्यावं' या शब्दांवर मी स्वतःच खूश होते. वहिनीने ते जसंच्या तसं पाठवलं.

सहावं आणि सातवं पत्र अगदी छोटं होतं. ती वाचून दाखवण्यासारखी नव्हती, म्हणून वहिनीने दाखवली नाहीत.

आठवं पत्र एका रविवारी सकाळी आलं. वहिनीने ते वाचलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

"परीक्षा काल झाली. मी बसले नाही. औषधाच्या मापावरच जास्त प्रश्न होते, असं बाकीच्या सांगतात. मी आता लिहिणार नाही. फक्त पुढे कुणी येईल तिच्यासाठी, तुम्ही एकदा नव्या माणसासारखं आत येऊन बघा."

"उगाच जिवाला लावून घेऊ नकोस," मी म्हटलं. पण वहिनी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिने खोट्या नावाचं खातं उघडलं. शाळा नाही, कॉलेज नाही, पूर्ण झालेला एकही धडा नाही. अगदी कोरं. मग तिने 'औषधाचं माप' उघडायला घेतला. कुलूप. आधी टक्केवारी करा. टक्केवारी उघडायला गेली. कुलूप. आधी गुणोत्तर करा. गुणोत्तर उघडायला गेली.

कुलूप. आधी औषधाचं माप करा.

तिने पुन्हा पहिल्यापासून केलं. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा करताना तिचं बोट चुकीच्या जागी पडायला लागलं, तेव्हा मीच पुढे होऊन दाबलं. पुन्हा तेच.

'गुणोत्तर' हा धडा एका परिचारिका विद्यालयाने बनवलेला होता आणि त्याचं पूर्ण नाव होतं 'गुणोत्तर: औषधांच्या उदाहरणांतून'. वहिनीने नावात औषध बघितलं आणि बाण लावला, आधी औषधाचं माप. आत काय होतं ते तिने त्या रविवारी पहिल्यांदा बघितलं. दोन वाट्या, एक चमचा आणि अगदी पोरासोरांना समजेल असं गुणोत्तर. त्याच्या आधी काहीसुद्धा शिकायची गरज नव्हती.

"पण मग बाकीचे कसे शिकले?" मी विचारलं.

"शाळेतून आलेल्यांचं गुणोत्तर आणि टक्केवारी आधीच झालेली म्हणून नोंदलेली असते. त्यांना कुलूप दिसतच नाही." वहिनी म्हणाली. "ज्यांनी शाळा सोडली त्यांनाच दिसतं."

मग तिने त्या बाणाची जुनी नोंद काढली. भिंगाच्या प्रोग्रॅमने सूचना दिली होती. सात महिन्यांपूर्वी, एका सोमवारी. पुढे नोंद होती, 'पाहिले', आणि तिचं नाव.

बाण काढायला एक मिनिटही लागलं नाही. इतके महिने एक बाई ड्युटीच्या आधी तासभर ज्याच्यासमोर बसून राहिली, ते एका मिनिटात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक आमची, आणि उपदेशही आमचाच! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि त्या बोंबेला शुद्धलेखन माझं होतं.

सोमवारी वहिनी साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्या तीन धड्यांशी एकशे चौसष्ट माणसं अडलेली निघाली. त्यातल्या बहुतेकांनी एकदाही तक्रार केली नव्हती, गुपचूप निघून गेले होते. साहेब वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "सगळ्यांना कळवा. 'तांत्रिक कारणाने गैरसोय झाली' असं लिहा आणि विषय संपवा."

घरी आल्यावर मीही तेच म्हटलं. "काय बिघडतं? सगळे तसंच लिहितात."

"यंत्रावर ढकलू?" वहिनी म्हणाली. "यंत्राने तर मला सांगितलं होतं गं."

तिने एकशे चौसष्ट जणांना स्वतःच्या नावाने लिहिलं, की चूक माझी होती, तुमची नाही. मला तपासायला दिलं नाही. मीही मागितलं नाही.

कुलूपवालीला मात्र तिने फोन करायचं ठरवलं. बुधवारी मी छापखान्यातून सुट्टी घेतली, तिने ऑफिसातून. त्या दुपारी वहिनीने एका कागदावर बोलायचे मुद्दे लिहून काढले, पाणी प्यायली, परत प्यायली आणि मला म्हणाली, "तू बस इथे." फोन स्पीकरवर ठेवला.

पलीकडचा आवाज आम्ही जेवताना काढायचो तसा मुळीच नव्हता. चांगला ठणठणीत होता. वहिनीने आपण कोण ते सांगितलं, तीन धडे, बाण, सगळं सांगितलं. बोलताना कागदाकडे तिचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाली, "माझं काहीच चुकत नव्हतं?"

"काहीच नाही. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलंत तेच खरं होतं."

"हे परत एकदा सांगता का? थांबा, फोन मोठा करते. घरात सगळे आहेत." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, टीव्ही बंद झाला. "हां. आता सांगा."

वहिनीने पुन्हा सांगितलं. न दिसणाऱ्या घरभर माणसांपुढे तिने आपलं नाव सांगितलं, आपली चूक सांगितली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी पंखा वाढवला, तेवढंच माझ्याने झालं.

"आता परीक्षा पुन्हा कधी?" वहिनीने शेवटी विचारलं. "मी स्वतः बसून तुम्हाला..."

"पुढच्या वर्षी. पण चाळीसच्या आत लागतं वय. माझं या वर्षीच बसत होतं."

तेवढ्यात एका पुरुषाने फोन घेतला. नवरा असावा. चिडलेला नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फोन केलात हे बरं केलंत. आम्ही हिला हसत होतो हो घरात. म्हणायचो, हिला साधा धडा उघडता येत नाही आणि निघाली औषधं द्यायला."

मी वहिनीचा हात दाबला, नको म्हणून. तिने तो सोडवून घेतला.

"आम्हीही हसत होतो," ती म्हणाली. "जेवताना तुमची पत्रं वाचून."

मग बाईचा आवाज आला, फोनपासून लांबून. "ते शिडीचं पण तुम्हीच लिहिलं होतं का?"

"हो," वहिनी म्हणाली. "मीच."

बाईने फोन ठेवला. मी टेबलाशी तिच्या शेजारीच बसले होते. तोंड उघडायला मला भरपूर वेळ मिळाला होता, आणि मी उघडलं नाही.