पार्वताअक्काचा चिंचोक्यांचा कायदा

पार्वताअक्काला पत्त्यांतला राजा कोणता आणि गुलाम कोणता हे मरेपर्यंत कळलं नाही, तरी आमच्या गावचा आखाजीचा जुगार पंचवीस वर्षं तिच्याच हुकमाने चालला. अहो, कळत नव्हतं म्हणूनच! पत्ते कळणारा माणूस कुणाकडे तरी झुकतो, असं गावाचं मत. ती माझी आत्या, पण अख्खं गाव अक्का म्हणायचं म्हणून मीही अक्काच म्हणायचे. ठेंगणी विधवा बाई, पण आवाज वेशीपर्यंत जायचा.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि गडीमाणसं? तीन दिवस पारावर पत्ते कुटतात. वर्षभर पत्त्याला न शिवणारा माणूससुद्धा बसतो. अक्काचा कायदा असा: पैसे आधी तिच्या हाती द्यायचे आणि बदल्यात हळदीत उकडलेले पिवळे चिंचोके घ्यायचे, जास्तीत जास्त एकवीस रुपयांचे. चिंचोके संपले की उठायचं. बैल, दागिना, उसनवारी, काही चालायचं नाही. कुणी कुरकुरला तर म्हणायची, "मजा कर, भाऊ. घर नको बुडाडू."

पण आमचं गाव शहाद्याच्या वर, खेतियाच्या अलीकडे. नाल्यापाशी एक दगड, त्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. तिकडच्या गावात रोख खेळ, हवं ते डावावर लावा. नेमकं माझं सासर त्याच गावात. शहाऐंशी साली माझा चुलतभाऊ भटू दुपारपर्यंत सगळे चिंचोके हरला आणि दगड ओलांडून तिकडे गेला. जाताना गाडी जुंपून गेला, संध्याकाळी पायी आला. बैलजोडी हरला होता मेला! आणि जिंकली कुणी? आमच्या यांनी. आता तोंड कुठे लपवावं, मला सुचेना.

भटूची बायको लताबाई अक्काच्या दारात येऊन बसली. "अक्का, महिनाभरमा पेरनी शे. तिफन काय मी वढू?"

अक्का तशीच उठली आणि दगडापलीकडे निघाली. मीही डोक्यावर पदर ओढून मागे गेले. तिकडे डाव रंगात होता. गावचे म्हातारे शालिग्रामनाना तिला बघून हसले. "पार्वताबाई, तुना कायदा त्या दगडलगुन. आठे आमनं राज्य."

आमचे हे मान खाली घालून पत्ते पिसत होते.

"खरं शे, नाना," अक्का म्हणाली. "राज्य तुमनं. पन तुमन्या सुना आज कोठे शेतस?"

नानांच्या टाळक्यात लगेच शिरलं नाही. त्या गावातल्या निम्म्या सुना आमच्या गावच्या लेकी, आणि सण आखाजीचा! माझ्यासकट सगळ्या आमच्या गावात माहेरी होत्या.

"बैल येतीन तवय पोरी येतीन," अक्का म्हणाली आणि माझा हात धरून परत फिरली.

देवा रे, काय दिवस होते ते! तीन दिवसांचं माहेर सात दिवसांचं झालं. रोज आमरस, रोज सांजोऱ्या. पलीकडे म्हणे भाकरी करपत होत्या, आणि म्हशी गड्यांना पान्हाच सोडत नव्हत्या. पाचव्या दिवशी नानांचा थोरला दगडाशी उभा राहून बायकोला हाका मारायला लागला. ती झोक्यावरून उतरलीसुद्धा नाही. आम्ही हसून हसून बेजार.

सातव्या दिवशी बैल आले. पुढे आमचे हे, मागे नाना आणि दहाबारा गडी. मला वाटलं, अक्का आता भटूला पोटाशी धरेल. कुठलं काय!

"हारना ते हारना," ती भटूला म्हणाली. "याच जोडीवर पहिले पाव्हनास्नं वावर पेरी देशी. मंग तुनं."

भटूचं तोंड बघण्यासारखं झालं. पाव्हणे म्हणजे आमचे हे; वावर आधी पेरून मिळणार म्हणून त्यांनी मात्र खुशीत मान डोलावली. मग नाना पुढे झाले. आजवर पार्वताबाई म्हणणारे ते, पहिल्यांदाच म्हणाले, "अक्का, पुढला साल तुना चिंचोकास्ना डबा आमना गावले बी लई ये."

त्यानंतर दोन्ही गावांत एकच कायदा चालला. कुठल्या सरकारने त्याचा कागद केला नाही, पण कुणाच्या गोठ्यातली जोडी पुन्हा गेली नाही.

त्या दिवशी लताबाई बैलांच्या गळ्यात पडून रडली. तिचं बघून मलाही रडू फुटलं.

"तुले काय व्हयनं व माय?" अक्काने विचारलं.

"न्याव चांगला केलास गं," मी म्हटलं. "पण बैल अजून दोन दिवसांनी आले असते तर काय बिघडलं असतं?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे वळली. "पाव्हना, हारनारले दंड व्हई गया. जितनारले बी पाहिजे. दोन दिवस आखो सोताच भाकरी थापा."

मी तिथेच, सगळ्यांदेखत, अक्काच्या गळ्यात पडले.