फ्रेकल्स

माझ्या दोन्ही गालांवर आणि नाकावर बारीक तपकिरी ठिपके आहेत, पिकल्या केळ्याच्या सालीवर येतात तसे. लहानपणापासूनचेच. उन्हाळ्यात गडद होतात, पावसाळ्यात फिके पडतात. बिदरकडच्या चिंताकी गावात, आमच्या वस्तीत कुणाला त्यांचं काही वाटलं नाही, मला तर नाहीच नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ओळखीची खूण लिहायचा रकाना असायचा. बाकीच्यांच्या दाखल्यावर हातावर तीळ, कपाळावर व्रण, असलं काहीतरी. आमच्या हेडमास्तरांना इंग्रजीची भारी हौस. त्यांनी माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं, चष्मा पुसला आणि लिहिलं, 'फ्रेकल्स ऑन बोथ चीक्स'. अर्थ विचारायचं मला सुचलं नाही. दाखला घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्यानंतर काही वर्षांनी मला शेजारच्या गावच्या बालवाडीत नोकरी मिळाली. आम्ही बौद्ध. बा दुसऱ्याच्या शेतात राबणारा. पोरगी बालवाडीची बाई झाली म्हणून त्यानं वस्तीत गूळ वाटला होता. काम साधं होतं, पोरांना गाणी शिकवायची, अक्षरं गिरवून घ्यायची आणि दुपारी हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवून खाऊ घालायच्या. पण पोरं आली नाहीत तर केंद्र बंद आणि बाई घरी, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं.

रुजू होताना माझे कागद पंचायतीत द्यावे लागले. तिथं एक अप्पा बसायचे. गुलबर्ग्याला कोर्टात कारकुनी करून आलेले, त्यामुळं इंग्रजी कागद गावात तेच वाचायचे. त्यांनी दाखला वाचला, फ्रेकल्सवर बोट ठेवलं आणि चार लोकांदेखत म्हणाले, "ही कातड्याची बीमारी हाय. सरकारी कागदावरच लिवलंय. हिच्या हातचं पोरांस्नी कसं द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी बालवाडीत एकही पोर नाही. आठवडाभर मी पाटीवर अक्षरं काढायची आणि पुसायची. घुगऱ्या शिजवायच्या आणि संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या पोरांना नेऊन द्यायच्या. एका आईला विचारलं, "पोरगं कामून पाठवंना झालाव?" तर ती दार अर्धं लोटून म्हणाली, "बाई, तुमच्या तोंडावर ते हाय म्हनं." ते म्हणजे काय, हे तिलाही सांगता येईना. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या.

एस. टी. धरून बिदरला गेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड उजेडाकडं वळवलं आणि हसल्याच. म्हणाल्या, "अगं, फ्रेकल्स म्हणजे उन्हानं उमटणारे ठिपके. गोऱ्या मडमांना तोंडभर असतात. हा रोगच नव्हे, लागायचा कुणाला?" तेच त्यांनी कन्नडमध्ये कागदावर लिहून सही-शिक्का मारून दिलं, गावात वाचता यावं म्हणून. परत येताना बसमध्ये तो कागद मी चार वेळा वाचला. वाटलं, झालं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत सगळ्यांसमोर मी तो मोठ्यानं वाचला. अप्पांची नात त्यांच्या मांडीवर बसली होती. चार-साडेचार वर्षांची, गोरीपान, आणि नाकावर गालांवर माझ्यासारखेच ठिपके. तिच्या ठिपक्यांचं घरादाराला कोण कौतुक! मी म्हणाले, "अप्पा, तुमच्या नातीला पण फ्रेकल्सच हायत की."

अप्पा म्हणाले, "तिचे तसले न्हाईत."

"मग कसले हायत? माझे तरी कसले हायत, सांगा की."

अप्पांनी नातीचं तोंड आपल्या छातीकडं वळवून घेतलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी एवढी एस. टी.नं जाऊन आले, शिक्का आणला, अर्थ आणला, आणि अर्थ तर कुणाला नकोच होता. आमचा विटाळ धरतो असं तोंडानं म्हणायची सोय कायद्यानं ठेवली नव्हती, म्हणून इंग्रजी शब्द हाताशी धरलेला. मी कोरा कागद आणि पेन अप्पांपुढं ठेवलं. म्हणाले, "बीमारी न्हाई, तरी पोरं पाठवत न्हाई, असं लिवा. कामून पाठवत न्हाई, ते बी तुमीच लिवा. मी बिदरला साहेबाकडं देते." जन्मभर कोर्टाचे कागद लिहिलेल्या माणसानं त्या पेनाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. नोकरी वाचली. प्रत्येकाच्या हातात घरचा डबा आणि पाण्याचा गडू. माझ्या घुगऱ्यांना शिवायचं नाही, असं बजावून पाठवलेली.

दुपारी अप्पांच्या नातीचा गडू कलंडला. ऊन मरणाचं. ती उठली, माझ्या माठातून भांडं भरून घेतलं आणि घटाघटा प्याली. मी पदरानं तिचं तोंड पुसलं, ते ठिपके पुसले, आणि खाली वाकून तिच्या कानात म्हणाले, "घरी सांगू नको हं."

त्या गावावरचा माझा राग अजून आहे आणि तो जायचाही नाही. पण सगळ्यांत जास्त राग येतो तो माझ्याच त्या वाक्याचा. ते मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं.