फिलोमिना टीचरांची पेन्सिल

फिलोमिना टीचरांमुळे माझा नवरा आणि माझी मुलगी आज डोळ्यांसमोर आहेत. हे आधीच लिहून ठेवते. पुढचं लिहिताना हात थांबला, तर निदान नाव राहून जायला नको.

टीचर वटार गावच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. रविवारी चर्चमधली मिसा आणि जेवण आटोपून बसने फुलपाड्याला आमच्या चाळीत यायच्या आणि दहावीला बाहेरून बसणाऱ्या आम्हा बायकांना गणित शिकवायच्या. मी किनवटकडची. गावात सातवीच्या पुढे वर्ग नव्हता, म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. आकडे दिसले की अजून पान उलटावंसं वाटतं. टीचर म्हणायच्या, "उत्तर राहू दे, बाय. दिलंय काय नि काढायचंय काय, एवढंच बोल." मी भाजी चिरत असले तरी तेच. एकदा मी म्हटलं, "वांगी दिलीत, जेवण काढायचंय." त्या हसल्या नाहीत. "बरोबर. आता पायऱ्या सांग," म्हणाल्या.

एका रविवारी त्यांनी पेन्सिल फरशीवर ठेवली, ती गडगडत दाराकडे गेली. मुलीने धावत जाऊन आणून दिली. टीचरांनी पुन्हा ठेवली, पुन्हा दाराकडे. मुलीला खेळच मिळाला. टीचर मात्र दाराबाहेरच्या गॅलरीकडे बघत राहिल्या.

"ही आधीपासून अशीच पळते?"

"काय माहीत, टीचर. कधी बघितलं नाही."

पुढच्या खेपेला त्यांच्या पिशवीतून गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी निघाली. तिच्यात पाणी भरून एक टोक त्यांनी मागच्या भिंतीशी धरलं, दुसरं मी दाराशी. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबलं, तिथे खूण केली आणि खुणेपासून फरशीपर्यंत मोजलं. दाराकडची बाजू तीन सेंटिमीटर खाली निघाली. खोली तीन मीटर लांब.

"आधी एकक सारखं कर."

तीनशेला तीन, म्हणजे शंभराला एक. उतार एक टक्का.

मालकाचा माणूस वर येऊन बघून गेला. "मॅडम, टाइल्सवाल्याने घोळ घातलाय. आणि पेन्सिल गोल असते, पळणारच ना."

"मग पुढच्या रविवारी परत मोजते," टीचर म्हणाल्या. "मधे टाइल्सवाला येऊन जाणार नसेल, तर आकडा तोच यायला हवा."

त्या आठवड्यात आमचं दार चौकटीत बसेनासं झालं. सकाळी केर काढताना उंबऱ्याशी पांढरी पूड सापडायची. झाडून टाकली की दुसऱ्या दिवशी तिथेच, जरा जास्त.

रविवारी साडेचार सेंटिमीटर भरले. मी पाटीवर भराभरा मांडलं. उतार दीड टक्का. जीव जरा खाली पडला. "अर्धा टक्काच वाढला, टीचर."

दिलीप, माझा नवरा, म्हणाला, "एवढं पाणी तर आपल्या दुधात पण असतं."

टीचरांनी पाटी माझ्याकडे परत सरकवली. "अर्धा हा दोन उतारांतला फरक. वाढ किती टक्के, ते मूळच्या मानाने काढायचं. मूळ किती?"

"एक."

"एकावर वाढ अर्ध्याची. शंभरावर?"

मी लिहिलं, आणि खडू तिथेच टेकवून ठेवला. पन्नास.

"एका आठवड्यात," टीचर म्हणाल्या. "आता सांग बाय, काय काढायचंय?"

मुलगी गॅलरीत बसून बाहुलीची वेणी घालत होती.

"तिला," मी म्हटलं.

मग टीचर ती पाटी घेऊन दारोदार फिरल्या. गुडघे दुखत होते, तरी प्रत्येक दारात सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून समजावल्या. कोणीतरी बोललंच, "आता गणिताची बाई घर खाली करायला लावणार."

"लावणार. माझं चुकलं तर वटारला या शिव्या द्यायला. चहा देईन."

कुरकुरत का होईना, आमची सगळी रांग बाहेर पडली. आम्ही तिघं टीचरांच्या वाडीत, अवजारांच्या खोलीत राहिलो. तिथे मला सारखं वाटायचं, आपण उगाच घाबरलो, लोक हसत असतील. मग एका दुपारी फोन आला. आमची गॅलरी खाली आली होती, आणि तिच्याबरोबर खोल्यांचा पुढचा भाग. आत कोणी नव्हतं. वटारला शिव्या द्यायला कोणी आलं नाही.

आता आम्ही तुळिंजला भाड्याने राहतो. नवी खोली बघायला गेले तेव्हा दिलीप नळाला पाणी येतं का बघत होता, आणि मी फरशीवर पेन्सिल ठेवली होती. ती हलली नाही. तरी केर काढताना उंबऱ्याशी हात अडखळतो.

टीचरांना आता जिने चढवत नाहीत. रविवारी मीच वटारला जाते. परीक्षा जवळ आलीय, छाती धडधडते. त्या म्हणतात, "धडधडू दे. पायरी सोडू नको."

ती नळी त्यांनी मला देऊन टाकलीय. कधीतरी किनवटला आमचं स्वतःचं घर होईल. त्याची फरशी मी या नळीने तपासून घेईन, आणि टीचरांना तिकडे घेऊन जाईन. आत येताना एकही पायरी चढावी लागणार नाही, असं दार ठेवीन. पेन्सिल त्यांनी ठेवायची, हवा तेवढा वेळ बसायचं, आणि जिथे ठेवली तिथूनच उचलायची. हे त्यांचं देणं माझ्याकडे राहिलं.