लाकडाला हात

नेरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे घरीही बोलताना मध्येच एखादा इंग्रजी शब्द टाकायची मला खोड आहे. बाबांना नागपूरहून घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता उपचारांत अर्थ नाही, घरीच जपा. बाबांना हे कळू द्यायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं. ठरवलं कसलं, सांगायची हिंमतच झाली नाही.

कापूस वेचणीची धांदल होती, तरी लोक भेटायला येत. एका सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ बरे दिसून राह्यले."

"हो, जेवण जातंय आता. टच वुड!" मी म्हटलं आणि बाबांच्या सागवानी पलंगाची कड बोटांनी ठोकली.

काकू गेल्या आणि आई भडकली. "चांगलं बोलाचं अन् लाकडाले हात लावाचा? हे कोनतं नवीन काढलं वं?"

तिचंही चूक नव्हतं. आमच्याकडे माणूस फार थकला की त्याची लाकडं मसणात गेली म्हणतात. सरण पेटलं की आलेला प्रत्येक जण त्यात एक लाकूड टाकतो. आजाऱ्याच्या उशाशी लाकडाची आठवण काढायची नसते. मीठ-मिरच्या घेऊन नजर काढायची, एवढंच तिला ठाऊक.

पण मला राग आला, आणि मास्तरीण सुटली. म्हटलं, अगं, हे इंग्रजांचं नजर काढणंच आहे. चांगलं बोललं की ते बिघडतं, अशी त्यांनाही धास्ती. लाकूडच का, हे मात्र कोणी छातीठोक सांगत नाही. कोणी म्हणतं, पूर्वी झाडांत देव राहायचे, त्यांना हात लावून पाठीशी राहा म्हणायचं. कोणी येशूच्या क्रुसाचं लाकूड सांगतं. काही जाणकार म्हणतात, असलं काही नाही, हा पोरांच्या शिवाशिवीतला नियम. लाकडाला हात लावून उभं राहिलं, तर ज्याच्यावर राज्य आहे तो तुम्हाला बाद करू शकत नाही.

बाबा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, झोपलेत.

"म्हंजे ज्याले भेव वाटते, तो लाकूड धरते," ते म्हणाले.

"हो बाबा. तसंच."

"मंग तुले कायचं भेव वाटून राह्यलं, बाई?"

आई चहाचे कप उचलून आत निघाली. "तू बी बस," ते तिला म्हणाले.

मी पलंगाची कड धरली.

"सांगा," बाबा म्हणाले. "भेव मलेबी वाटते. पन एकट्याले लय वाटते."

मी रडायलाच लागले. आईने कप खाली ठेवले, पलंगावर त्यांच्या पायाशी बसली आणि डॉक्टर जे बोलले होते ते सगळं तिनेच त्यांना सांगितलं.