निधनवार्तेतली एक ओळ

या शहरात मेलेल्या माणसांची जेवढी चौकशी आमच्या शेजारच्या काकांनी केली, तेवढी ती माणसं जिवंत असताना त्यांच्या सख्ख्या सोयऱ्यांनीही केली नसेल. काका एका दैनिकात उपसंपादक होते आणि उभी नोकरी त्यांच्याकडे निधनवार्तांचा कोपरा होता. इतरांना ती शिक्षा वाटे. काका मात्र त्या चार ओळींवर अग्रलेखासारखी मेहनत घेत. घरच्यांनी आणून दिलेल्या कागदावर हमखास लिहिलेलं असे, 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाचे'. या शब्दांशी काकांचं हाडवैर. 'दुःखद निधन' दिसलं की "सुखद बी असतं व्हय?" असं पुटपुटत आधी 'दुःखद' उडवायचं आणि मग त्या घरी फोन लावून आपला ठरलेला प्रश्न विचारायचा, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे ते?"

घरात मयत आणि वर हा प्रश्न! कुणी फोन आपटला, एकानं तर कचेरीत येऊन बघून घेतो म्हणून दम दिला. पण बहुतेक जण काहीतरी खरं सांगून जात. चितेगावच्या एका आजोबांची वार्ता मला अजून पाठ आहे: 'रोज सकाळी ते आपल्या कोरड्या विहिरीत डोकावून येत.' त्यांची मुलं तणतणत भांडायला आली, बोलता बोलता रडली आणि जाताना अंकाच्या चार प्रती मागून घेऊन गेली.

टीव्हीवरच्या बातम्यांचा तर काका पंचनामाच करत. 'शहर हादरलं' अशी पट्टी दिसली की चप्पल घालून गच्चीवर जात, चहूकडं नजर टाकत आणि खाली येऊन जाहीर करत, "कोपऱ्यावरचा चहावाला हादरला नाय. आपलं धुणं बी वाळतंय." काकू हसू दाबत म्हणत, "येताना तेवढं धुणं तरी आणायचं."

रात्रपाळीनं काकांना दहाला उठायची सवय लावली होती, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. अंथरुणातून उठले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "लई शांत गल्ली आहे आपली. उभ्या सिडकोत अशी झोप लागायची नाय." काकू नुसतं हं म्हणत चहा ठेवत.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मुलगी पुण्याहून निघाली होती. मी आणि आई शेजारी बसलो होतो. काकांनी कागद घेतला. नाव, वय, 'पश्चात पती, मुलगी, जावई' हे सगळं त्यांनी सराईतपणे लिहिलं आणि पेन थांबलं. मग त्यांनी माझ्या आईकडं पाहिलं. "वहिनी, ही सकाळी उठून पहिलं काय करायची हो?"

मला त्यांच्याकडं बघवेना. गावभरच्या घरांना विचारलेला प्रश्न आज त्यांना स्वतःच्या घरासाठी शेजारणीला विचारावा लागत होता.

आईनं डोळे पुसले. "फाटकात उभ्या राहायच्या. दूधवाला असू द्या, भाजीवाला असू द्या, नायतर वाळूजला जाणारी कंपनीची बस. ज्याला त्याला तोंडावर बोट ठेवून सांगायच्या, हळू, ते झोपलेत."

काका कितीतरी वेळ फाटकाकडं बघत राहिले. मग त्यांनी ती ओळ लिहिली आणि कागद माझ्या हातात दिला. मी तो स्वतः त्यांच्या जुन्या कचेरीत नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'यांचे दुःखद निधन झाले. त्या धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या.' ती ओळ कुठंच नव्हती. मी संतापून फोन उचलला, तर काकांनी माझा हात धरला. "राहू दे. मला तरी कुठं ठाऊक होतं?"

आता काका सकाळी सहालाच फाटकात उभे असतात. भाजीवाला त्यांच्या घरापाशी आला की आपोआप गप्प होतो. एकदा काका त्याला म्हणाले, "ओरड बाबा खुशाल. आता इथं कुणी झोपलेलं नाय."

"चाची बोलती थी ना काका, आवाज नक्को," तो हळूच म्हणाला आणि पुढच्या घरापर्यंत गाडी तशीच मुकाट्यानं ढकलत गेला.